शांतवनरावांचा सक्तीचा विसावा

सन एकोणीसशे अठ्ठावन्नच्या नोव्हेंबर महिन्यातील एका रविवारी, उपासना ऐन भरात असता, महाडच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीस आकाशवाणी झाली. निदान पहिले दोन क्षण सर्वांचा तसा समज झाला. पाळक मुरारीराव थोरात डोळे मिटून, हात उंचावून, "हे प्रभो, या शांततेत तुझा शब्द आमच्या कानी पडो," अशी प्रार्थना करीत होते. आणि तो शब्द उच्चारला जातो न जातो तोच देवळाच्या कोपऱ्यातून असा काही प्रचंड, भेसूर व लांबलचक ध्वनी निघाला की पुढल्या बाकावरील मुले आयांच्या पदराखाली शिरली आणि पाळकसाहेबांनी स्वतःही एक डोळा उघडून आधी छताकडे पाहिले.

तो ध्वनी छतातून आलेला नव्हता. मंडळीच्या पायपेटीवर कपाळ टेकून श्रीयुत शांतवन सहदेव साळवी गाढ झोपी गेले होते. पाय मात्र सवयीने भाता हाणीत होते. कपाळ आहे तेथे व पाय चालू, अशा स्थितीत पेटीने आपले कर्तव्य केले, एवढेच.

शांतवनराव हे मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. नावात शांती असली तरी देहात ती वास्तव्यास कधी आली नाही. सोमवार ते शनिवार ते औषधांची मिश्रणे करीत, पट्ट्या बांधीत आणि डॉक्टरसाहेबांच्या मागे धावत. रविवारी पहाटे देवळाची घंटा तेच वाजवीत, बाके तेच पुसत, मुलांची शब्बाथशाळा तेच घेत आणि पेटीही तेच वाजवीत. कोणी "बसा घटकाभर" म्हटले तर ते बसत. पण बसल्याबसल्या समोरच्याच्या खुर्चीचा हलता पाय दुरुस्त करीत. या सर्व कामांत त्यांचे प्राण जर कोठे गुंतले असतील तर ते पेटीत. नाताळच्या उपासनेत पेटीवर बसणे हा त्यांच्या वर्षाचा कळस होता. त्या एका दिवसासाठी ते उरलेले वर्ष सोशीत असत, असे म्हटले तरी अतिशयोक्ती होणार नाही.

उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी त्यांना थांबवून घेतले.

"शांतवनराव, विसावा ही सूचना नाही, आज्ञा आहे. खून करू नको, चोरी करू नको, याच पंक्तीत ती बसलेली आहे. तुम्ही ती दर आठवड्याला मोडता."

"पण साहेब, रविवारी मी कोठे दवाखान्यात जातो?"

"रविवारी तर तुम्ही दुप्पट राबता! ते काही नाही. येत्या शनिवारी तुम्ही कोणतेही काम करायचे नाही. बाहेर पडायचे, निर्दोष करमणूक करायची, शरीर व आत्मा ताजा करायचा. आणि रविवारी मंडळीपुढे उभे राहून त्याची साक्ष द्यायची."

"आणि ते जमले नाही तर?"

पाळकसाहेबांनी खिडकीबाहेर पाहिले. तेथे त्यांची पुतणी विनोदिनी उभी होती. ती नुकतीच पुण्याहून शिकून आली होती, आणि पेटी दोन्ही हातांनी वाजविते अशी तिची ख्याती तिच्या आधीच महाडास पोहोचली होती. "तर नाताळात पेटीवर विनोदिनी बसेल," पाळकसाहेब म्हणाले. "दमलेल्या माणसाच्या कपाळाने वाजविलेली पेटी मी दुसऱ्यांदा ऐकणार नाही."

शांतवनराव घरी आले ते शिक्षा झालेल्या इसमासारखे. परंतु ते हार मानणाऱ्यांतील नव्हते. कोणतेही काम अंगावर आले की ते तडीस न्यायचे, हा त्यांचा बाणा. आणि विसावा हेही आता कामच होते. सायंकाळपर्यंत त्यांनी शनिवारची योजना आखली. सकाळी प्रसन्नता, दुपारी सृष्टिसौंदर्याचे अवलोकन, सायंकाळी समाधान.

"मीपण येऊ ना विसाव्याला?" त्यांची पत्नी गोदावरीबाई हिने तांदूळ निवडता निवडता विचारले.

"अर्थात!" शांतवनराव उदारपणे म्हणाले. "तुझ्यावाचून विसावा कसला? पुऱ्या कोण करील?"

गोदावरीबाईने तांदळातला एक खडा काढून जरा लांब फेकला.

आता आपल्या लोकांत एक थोर गुण आहे. मनुष्य कामात बुडालेला असताना त्याच्या मदतीस कोणी येत नाही. पण तो विसावा घेणार असे कळले की सल्ला द्यायला आळी लोटते. समोरच्या घरातले चिंतामणी वकील प्रथम आले. "पत्ते खेळा," ते म्हणाले.

"वकीलसाहेब, पत्ते म्हणजे... आमच्या मंडळीत ते बरे दिसणार नाही."

"मग बुद्धिबळ?"

"त्यात विचार करावा लागतो. विचार हे काम झाले."

"तुम्ही खेळलात तर विचाराचा प्रश्न येणार नाही," वकील म्हणाले. पण हे त्यांनी स्नेहाने म्हटले.

मासळीवाली ठकूबाई पाटी उतरवून ओट्यावर टेकली. "गल टाकून बसा ओ नदीवर. माजा भाऊ अख्खा दीस सावित्रीवर बसतो. मासा एक मिलत नाय, पन तब्येत बगा त्याची, रेड्यावानी!"

हा सल्ला शांतवनरावांस पटला. कारण प्रेषितांपैकी काही कोळी होते, तेव्हा या करमणुकीस शास्त्राधार होता. परंतु रात्री त्यांना शंका आली, आणि सकाळी ते पाळकसाहेबांच्या दारात उभे राहिले. "साहेब, प्रेषित पेत्र मासे धरीत असे. ते त्याचे काम होते की करमणूक? कारण काम असेल तर मला ते चालणार नाही."

पाळकसाहेबांनी दाढीचा फेस पुसला. "शांतवनराव, शनिवार होईपर्यंत मला भेटू नका."

अखेर वकिलांनीच तोड काढली. "पोलादपूरला जा. तिथे सरकारी विश्रामगृह आहे. व्हरांड्यात साहेबांच्या वेळची आरामखुर्ची आहे, अशी लांब हातांची! तीत बसलेला मनुष्य आपण होऊन उठल्याचे माझ्या ऐकिवात नाही. डोंगर आहेत, वारा आहे, बाजूने नदी वाहते. विसाव्यास आणखी काय हवे?"

हवी होती परवानगी. ती देणाऱ्या कचेरीतला कारकून शरद हा सद्‌गृहस्थ होता. त्याच्या मुलाचा डांग्या खोकला शांतवनरावांच्या मिश्रणाने हटला होता. पण नियम तो नियम.

"प्रयोजन?" शरदने विचारले.

"विसावा."

"तसे प्रयोजन चालत नाही, साळवी. दौरा, तपासणी, पंचनामा, यांपैकी काही सांगा."

"अहो, पण नावच विश्रामगृह आहे!"

"ते कामावर आलेल्यांना विश्राम मिळावा म्हणून. ज्याला काम नाही त्याला विश्राम कशाला? मी लिहितो, दवाखान्यातर्फे पाहणी. काय?"

शांतवनराव ताठ झाले. "खोटी साक्ष देऊ नको, हीसुद्धा आज्ञाच आहे, शरदराव. एक आज्ञा पाळण्यासाठी मी दुसरी मोडणार नाही."

"बरं बरं. तुम्ही खोटं बोलू नका. मी बघतो."

शुक्रवारी शरदने खिडकीतूनच हात हलवून "झालं तुमचं काम!" असे सांगितले. कसे झाले, हे शांतवनरावांनी विचारले नाही. या कथेतील पुढचे सर्व अनर्थ त्या न विचारलेल्या प्रश्नातून उद्भवले, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

विचारायला त्यांस सवड तरी कोठे होती? रजा मागताच डॉक्टरसाहेब म्हणाले होते, "शनिवारची मिश्रणे कोण करणार?" म्हणून ती त्यांनी आधीच करून ठेवली. रविवारची बाके शुक्रवारीच पुसली. पेटीचा भाता तपासला. त्या आठवड्यात विसाव्याच्या तयारीपायी ते इतके राबले की शनिवारी सकाळी एस.टी.च्या तळावर उभे असता त्यांना दोन-दोन गाड्या दिसत होत्या. गोदावरीबाई बाजूस उभी होती. पुऱ्या, बटाट्याची भाजी, सुकटीची चटणी आणि गुळाच्या पोळ्या यांनी भरलेली टोपली तिच्या डोक्यावर होती. ती केव्हा उठली होती हे शांतवनरावांस ठाऊक नव्हते, कारण ते उठले तेव्हा चूल पेटून विझलीही होती.

"किती प्रसन्न सकाळ!" शांतवनराव योजनेस अनुसरून म्हणाले.

"टोपली धरता का जरा?" गोदावरीबाई म्हणाली.

"अगं, आज मला काम वर्ज्य आहे."

महाडहून निघालेली गाडी चांगली चालली होती. पण वाटेत चढावर तिने एक उसासा टाकला आणि ती थांबली. कंडक्टरने सर्व पुरुषांना धक्का मारायला उतरविले. शांतवनराव उतरले, पण हात पाठीमागे बांधून, गंभीर मुद्रेने गाडीच्या कडेने चालू लागले. धक्का देणे हे काम की करमणूक, याचा निर्णय पाळकसाहेबांकडून घेतलेला नव्हता.

मागे घामाघूम झालेला एक शेतकरी होता, पोलादपूरचा येसाजी. तो ओरडला, "ओ पावनं! हात मोडलंत काय?"

"नाही बाबा. आज माझा विसावा आहे."

"मंग आमचं काय लगीन हाय?"

सगळे हसले. गाडीतून टोपली सांभाळीत पाहणारी गोदावरीबाईही हसली, आणि हे शांतवनरावांच्या जिव्हारी लागले. येसाजीने खांदा लावता लावता पुन्हा ऐकवले, "विसावा ह्यांचा, न भार आमच्या खांद्याव! बरा धर्म हाय!"

पोलादपुरास उतरून ते विश्रामगृहाच्या फाटकाशी आले, आणि शांतवनरावांचे पाऊल जागीच थांबले. अंगण माणसांनी भरले होते. बायका, पोरे, म्हातारे. कोणाचे डोके बांधलेले, कोणाचा पाय सुजलेला, कोणी नुसतेच खोकत. मध्ये रखवालदार हैबती डोईला नवे पागोटे बांधून उभा होता. त्याने कडक सलाम ठोकला.

"यावा साहेब! शरदभाऊंनी कंडक्टरच्या तोंडी सांगावा धाडला, दवाखान्याचं साहेब पाहनीला येत्यात म्हनून. मंडळी सकालधरनं बसलीय."

शांतवनरावांच्या हातातली छत्री गळून पडली. ती गोदावरीबाईने उचलली.

"हे पाहा," शांतवनराव घसा साफ करून म्हणाले, "मी साहेब नव्हे. मी येथे विसाव्यासाठी आलो आहे."

"विसावा घे रे बाबा," पुढे बसलेली म्हातारी रंगूबाई म्हणाली, "पन आदी माजा कान बग. ठनकतोय मेला चार दीस."

शांतवनराव पायरीवर उभे राहिले व त्यांनी आपली अडचण समजावून सांगितली. सृष्टीच्या उत्पत्तीपासून त्यांनी प्रारंभ केला. मनुष्याच्या देहाला व आत्म्याला विश्रांतीची आवश्यकता, निर्दोष करमणुकीचे महत्त्व, आपला शब्द आणि तो मोडल्यास नाताळात ओढवणारा प्रसंग, हे सर्व त्यांनी शुद्ध भाषेत मांडले. मंडळींनी ते एकाग्रतेने ऐकले. हा औषधाचाच भाग असावा, असे बहुतेकांना वाटले. इतक्यात फाटकातून येसाजी आला. त्याच्या कडेवर खरजेने बेजार झालेली त्याची मुलगी होती.

"आरं द्येवा! ह्यो तर गाडीला हात न लावनारा! चला गो घरी. हा दुखन्याला काय हात लावतोय!"

आता शांतवनरावांची अवस्था फारच बिकट झाली. रंगूबाईच्या कानाला हात लावावा तर पेटी गेली. न लावावा तर तिच्या डोळ्यांतले पाणी दिसत होते. संकटात पडलेल्यास शब्बाथदिवशीही, म्हणजे विसाव्याच्या दिवशीही, मदत करावी, असा शास्त्रातच आधार आहे, हे त्यांना स्मरले. परंतु ठणकणारा कान संकटात मोडतो काय? आणि एक कान पाहिला की मागचे पन्नास कसे सोडावे? "मला क्षणभर डोळे मिटून विचार करू द्या," ते म्हणाले, आणि व्हरांड्यातील त्या लांब हातांच्या आरामखुर्चीत बसले.

वकिलांनी त्या खुर्चीविषयी सांगितले होते ते अक्षरशः खरे होते.

त्यांनी डोळे उघडले तेव्हा उन्हे डोंगरामागे गेली होती. अंगावर गोदावरीबाईची शाल होती. अंगण जवळजवळ रिकामे झाले होते, आणि स्वयंपाकघराच्या बाजूने "बाई, ओ बाई" असे आवाज येत होते. शांतवनराव धडपडून उठू लागले, तो हैबतीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुमी झोपा साहेब. बाई हाय ना."

गोदावरीबाई परसात पदर खोचून उभी होती. मोठ्या पातेल्यात कडुनिंबाचा पाला उकळत होता. येसाजीची मुलगी स्वच्छ न्हाऊन, टोपली झाकायला आणलेल्या जुन्या पातळाच्या घडीत गुंडाळलेली होती, आणि खुद्द येसाजी घागरींनी पाणी आणून आणून वाकला होता. रंगूबाईचा कान गोदावरीबाईने कोमट कापडाने शेकून दिला होता. कोणाच्या जखमा धुतल्या होत्या, कोणाला नुसते दटावले होते, आणि ज्यांचे दुखणे आपल्या आवाक्याबाहेरचे त्यांना सोमवारी महाडास डॉक्टरसाहेबांकडे येण्यास बजावले होते. टोपली पालथी होती. पुऱ्या पोरांच्या पोटात गेल्या होत्या.

"दोन पुऱ्या ठेवल्यात तुम्हाला," ती म्हणाली. "झाला विसावा?"

"झाला," शांतवनराव म्हणाले. आणि खरोखर, त्यांना इतके ताजेतवाने कित्येक वर्षांत वाटले नव्हते. परतीच्या गाडीत ते वाटभर डोंगरांची नावे सांगत होते. ती ऐकत नव्हती. टोपली मांडीवर घेऊन, खिडकीच्या गजाला डोके टेकून, ती झोपली होती.

रविवारी देऊळ भरले. शांतवनराव साक्ष देण्यास उठले. त्यांनी भाषण उत्तम बसविले होते. "प्रिय बंधुभगिनींनो! काल या नम्र सेवकाने आज्ञेचे तंतोतंत पालन केले. या हातांनी काल काडीही उचलली नाही. निसर्गाच्या मांडीवर मी असा विसावलो की..."

येथे त्यांची नजर बायकांच्या बाकांकडे गेली, आणि भाषण तेथेच थांबले. गोदावरीबाई बसल्या जागी झोपली होती. तिचे डोके पाळकीणबाई बनुबाई यांच्या खांद्यावर कलले होते, आणि बनुबाई ते हलू नये म्हणून श्वासही बेताने घेत होत्या.

 मग शांतवनराव निराळ्याच, पुस्तकी नसलेल्या आवाजात म्हणाले, "मी झोपलो, साहेब. दिवसभर झोपलो. माझं काम मात्र थांबलं नाही. ते हिनं केलं. सकाळच्या पुऱ्यांपासून पन्नास माणसांच्या दुखण्यापर्यंत. वाटेत एक शेतकरी मला बोलला होता, विसावा तुमचा आणि भार आमच्या खांद्यावर. त्याला मी काल उत्तर दिलं नाही. आजही माझ्याजवळ नाही. पेटी विनोदिनीला द्या."

देवळात इतकी शांतता पसरली की गोदावरीबाई त्या शांततेने जागी झाली. सर्व आपल्याकडेच पाहत आहेत असे दिसताच ती आधी लाजली, मग उभी राहिली. "पाळकसाहेब, एक विचारू का? कैक वर्षांचं मनात आहे."

"विचारा, बाई."

"विसाव्याच्या त्या आज्ञेत मुलगा आहे, मुलगी आहे, गडी आहे, मोलकरीण आहे, गुरंढोरं आहेत, दारी आलेला परका माणूसही आहे. सगळ्यांनी विसावा घ्यायचा. बायको कुठे आहे?"

पाळकसाहेब प्रसन्नपणे हसले व त्यांनी शास्त्र उघडले. त्यांचे बोट ओळीवरून चालू लागले. मुलगा, मुलगी. गडी, मोलकरीण. बोट गुरांपाशी मंदावले, परक्यापाशी थांबले, आणि पुन्हा वर जाऊन पहिल्यापासून खाली आले.

"नीट पाहा," पुढल्या बाकावरून बनुबाई म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून मीही शोधते आहे."

बायकांच्या बाकांवर जो हशा उठला तो महाडच्या बाजारापर्यंत ऐकू गेला असे म्हणतात. पाळकसाहेबांनी चष्मा पुसला. ते विद्वान होते, पण त्याहून प्रामाणिक होते. "आज्ञा 'तू' म्हणून सुरू होते," ते सावकाश म्हणाले. "आजवर तो 'तू' मी पुरुषच धरून चाललो होतो. तिथे माझी चूक झालेली दिसते. शांतवनराव, तुम्ही खरी साक्ष दिलीत. नाताळात पेटी तुमचीच. आणि येत्या शनिवारी आपल्या बायका विसावा घेतील. चूल पुरुषांकडे." नंतर बनुबाईंकडे दृष्टी जाताच त्यांनी जोडले, "सर्व पुरुषांकडे."

त्या शनिवारी गोदावरीबाई ओट्यावर बसली होती. ती काही विणीत नव्हती, निवडीत नव्हती. नुसती बसली होती. येणाऱ्याजाणाऱ्यास वाटे, घरी काही अशुभ घडले. ठकूबाईने तर पाटी टाकून धाव घेतली. "काय झाला गो?"

"काही नाही. करमणूक चालली आहे," गोदावरीबाई म्हणाली, आणि आतून भांडे पडल्याचा व शांतवनरावांनी प्रभूचा धावा केल्याचा आवाज ऐकून तिने पाय आणखी लांब पसरले.

रविवारी शांतवनरावांच्या तीन बोटांना पट्ट्या होत्या. पाळकसाहेबांचाही अंगठा बांधलेला होता, आणि त्यांचे प्रवचन पूर्वी कधी नव्हते इतके आटोपशीर झाले. पेटीवर अर्थातच विनोदिनी बसली. शांतवनराव जन्मात प्रथमच पुरुषांच्या बाकावर, नुसते, हात मांडीवर ठेवून बसले.

गीत सुरू झाले. विनोदिनीने दोन्ही हातांनी वाजविले, आणि चांगले वाजविले. पण शांतवनराव तिकडे ऐकत नव्हते. बायकांच्या बाकांवरून एक आवाज येत होता. खणखणीत, निर्भय, सर्वांच्या अर्धा शब्द पुढे आणि सुरास बराचसा सोडून. पेटीच्या आवाजाखाली तो आवाज त्यांनी इतकी वर्षे कधी ऐकलाच नव्हता. त्यांनी मान वळवून पाहिले. ती गोदावरी होती.

गीत संपल्यावर ते पाळकसाहेबांपाशी जाऊन हळूच म्हणाले, "साहेब, नाताळाची पेटी माझी ती माझीच. पण महिन्यातला एक रविवार विनोदिनीला द्या."

"का? बोटे दुखतात?"

"नाही," शांतवनराव म्हणाले. "मला निर्दोष करमणूक सापडली आहे."